घराआधी मोहल्ला

घर पाहायला गेलेली आपली मंडळी काय काय पाहतात? फरशी कोणती बसवली आहे, स्वयंपाकघराचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे का, बेडरूममध्ये पलंग आणि अम्मीचे जुने लोखंडी कपाट दोन्ही मावतील का, किब्ला कोणत्या भिंतीकडे येतो, संडासाचे तोंड कुठे आहे. सगळे पाहून झाले की खाली बिल्डरच्या ऑफिसात चहा होतो आणि तिथेच टोकनची रक्कम दिली जाते. ज्या गल्लीतून पुढची तीस वर्षे जा-ये करायची आहे ती गल्ली पायी फिरून कोणी पाहत नाही. रिक्षाने आले, रिक्षाने गेले.

अरबीत एक जुनी म्हण आहे, ‘अल-जार कब्लद्दार’. घराच्या आधी शेजारी. शेजाऱ्याच्या हक्काची हदीसमध्ये किती ताकीद आहे हे या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण हक्क अदा करायला आधी शेजारी कोण आहे ते ठाऊक असावे लागते, आणि शहरात आपण शेजारी न पाहता स्क्वेअर फूट पाहून घर घेतो.

या सदरात आम्ही बहुतेक वेळा शाळा, अभ्यास आणि मुलांविषयी लिहितो. घर हा विषय त्यापासून लांबचा वाटेल. शाळेच्या ऑफिसात बसणाऱ्याला तो तसा वाटत नाही. जनरल रजिस्टरमध्ये मुलांचे पत्ते बदलताना आम्ही वर्षानुवर्षे पाहतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात ‘निवासस्थान बदलले’ असे लिहिले जाते. हे दोन शब्द लिहिताना कारकुनाला अर्धे मिनिट लागते. पण सातवीतली मुलगी ऑक्टोबर महिन्यात दाखला घेऊन गेली, तर ती पुढे आठवीत कुठे बसली की बसलीच नाही, हे पुष्कळदा आम्हाला कळत नाही. घर मोठे झाले आणि शिक्षण तुटले, असे किती तरी दाखले आमच्या हाताखालून गेले आहेत.

पुण्याचेच पाहू. गंज पेठ, नाना पेठ, भवानी पेठ, घोरपडे पेठ, मोमीनपुरा, कॅम्पातल्या गल्ल्या, हा आपल्या लोकांचा जुना मुलूख. एका खोलीत सात माणसे, सार्वजनिक नळ, पण दाराबाहेर पाय टाकला की सगळे हाताशी. मशीद, बाजार, दवाखाना, आझम कॅम्पसच्या अँग्लो उर्दू शाळा. कुटुंबे वाढली, वाडे मोडकळीला आले, तशी ही वस्ती गेल्या तीस-चाळीस वर्षांत कोंढव्याकडे सरकली. कौसरबाग, मिठानगर, भाग्योदयनगर, शिवनेरीनगर ही नावे आज पुण्याबाहेरच्या नातेवाइकांनाही पाठ आहेत. आता कोंढवाही भरला आणि मंडळी पुढे उंड्री, पिसोळी, येवलेवाडीकडे पाहू लागली आहेत. उंड्री २०१७ मध्ये महानगरपालिकेत आली, पिसोळी २०२१ मध्ये. गाव पालिकेत आले म्हणजे दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येते असे मात्र नाही.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब गेल्या उन्हाळ्यात याच वाटेवर होते. घरातले कर्ते गृहस्थ एका सरकारी कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. भवानी पेठेत भाड्याचा जुना वाडा, तो पुनर्विकासाला निघालेला. ग्रॅच्युइटी, फंड आणि पत्नीचे काही दागिने, एवढी पुंजी. घरात ऐंशीच्या जवळ पोहोचलेल्या अम्मा, हडपसरला नोकरी करणारा मुलगा आणि कॅम्पातल्या उर्दू शाळेत नववीला गेलेली मुलगी. कागद वाचायला सोबत हवी म्हणून त्यांनी आम्हाला बोलावले. मराठीतला सातबारा आणि वडिलांच्या हातची उर्दू चिठ्ठी दोन्ही वाचणारा माणूस म्हणून मोहल्ल्यात हे काम मास्तरकडे येतेच.

तीन घरे नजरेत होती. पहिले कोंढवा खुर्दच्या आतल्या गल्लीत. दीड गुंठ्यावर उभी पाच मजली इमारत. ज्यांना हिशेब ठाऊक नाही त्यांच्यासाठी, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. म्हणजे साधारण सोळाशे चौरस फूट जागा, तिच्यावर दहा कुटुंबे. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या खिडकीतून कोणी कांदा मागितला तर हातात देता यावा. अम्मांना घर फार आवडले. मशीद दोन मिनिटांवर, खाली बेकरी, तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या माहेरच्या गावचे एक कुटुंब. भावही इतरांपेक्षा पुष्कळ कमी.

भाईजानांनी कागद मागितले. बिल्डर गोड माणूस. म्हणाला, “चाचा, अपना इलाका, अपने लोग. कागज की क्या फिक्र करते हो?”

हे वाक्य आम्ही इतक्या तोंडांतून ऐकले आहे की आता ते ऐकले की आम्ही आधी चष्मा काढून पुसतो. कागद काय होते? नोटरीकडे केलेला करारनामा, वीजबिल आणि मिळकतकराची पावती. वाचकांनी हे नीट ध्यानात घ्यावे. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते. नोटरीचा शिक्का म्हणजे सही कोणी केली याची साक्ष, मालकी मिळाल्याचा पुरावा नव्हे. वीजबिल आणि करपावती तर अनधिकृत इमारतीलाही मिळते. पालिका बेकायदा बांधकामाला शास्ती लावून कर घेते, म्हणून ते बांधकाम कायदेशीर होत नाही. बघायचे ते हे: जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, पालिकेने मंजूर केलेला नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. शिवाय त्या जागेवर विकास आराखड्यात रस्ता, शाळा, उद्यान असे काही आरक्षण नाही ना, हे सांगणारा झोन दाखला.

इथे एक अवघड गोष्ट सांगायची आहे. आपल्यातील बरीच कुटुंबे सूद टाळायचा म्हणून बँकेचे कर्ज घेत नाहीत. नियत नेक आहे, तिच्याविषयी आम्हाला काही म्हणायचे नाही, आणि मसला कोणाला विचारायचा असेल तर आलिमांना विचारावा. पण त्याचा एक परिणाम कोणी बोलून दाखवत नाही. कर्ज घेणाऱ्याचे कागद बँकेचा वकील तपासतो. पंचवीस-तीस वर्षांचा मालकीचा शोध घेतो, परवानग्या पाहतो आणि कुठे खोट दिसली की कर्ज नाकारतो. रोख पैसे देणाऱ्याचे कागद कोणीच तपासत नाही. म्हणजे जो माणूस सगळ्यात सावधपणे कमाई जपतो, तोच सगळ्यात उघड्यावर पडतो. अशा वेळी निदान एवढे करावे की स्वतःचा वकील लावून तोच शोध घ्यावा. बिल्डरने दिलेला वकील नव्हे, आपण निवडलेला. आणि एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन सहज विचारावे की या इमारतीत तुम्ही कर्ज देता का. कर्ज घ्यायचे नसले तरी विचारावे. ‘नाही’ असे उत्तर आले तर ‘का नाही’ हे घराच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे आहे.

मुंब्र्याजवळ शिळ भागात ४ एप्रिल २०१३ रोजी इमारत कोसळली, ७४ माणसे दगावली. परवानगीशिवाय काही महिन्यांत मजल्यांवर मजले चढवलेली ती इमारत होती. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवरच्या ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. राहणाऱ्यांनी पैसे मोजले होते, कागदही होते, ते खोटे निघाले. कल्याण-डोंबिवलीत तर ६५ इमारतींच्या बिल्डरांनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचा क्रमांकसुद्धा मिळवला होता. त्यात सगळ्या जातीधर्मांची कुटुंबे फसली. तेव्हा महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प दिसला म्हणून तिथेच थांबू नये. परवानगीचा क्रमांक घेऊन पालिकेच्या बांधकाम विभागात स्वतः जावे. एक दिवसाची रजा पडेल, पडू द्यावी.

महारेराचे फायदे मात्र घ्यावेत. २०१६ च्या या कायद्याने नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा सत्तर टक्के भाग त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात मोठा दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरच्या खर्चाने. पण ५०० चौरस मीटरपेक्षा लहान जागेवरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला ही नोंदणी लागत नाही, आणि आपल्या गल्ल्यांतील इमारती नेमक्या याच मापाच्या असतात किंवा त्या मापाच्या आहेत असे सांगितले जाते.

भाईजानांनी वकील लावला. वकिलाने भोगवटा प्रमाणपत्र मागताच बिल्डर नाराज झाला. बीस साल से इस धंधे में हूं, आजवर कोणी असे विचारले नाही, म्हणाला. त्याचे हे म्हणणे खरे असणार, असे आम्हाला वाटते. आपल्या माणसाला भाव कमी आहे, दुसरीकडे घर मिळत नाही आणि इथे निदान दंगलीच्या रात्री झोप लागेल, ही भीती मनात असते. १९९२-९३ नंतर मुंबईतून मुंब्र्याला गेलेल्या कुटुंबांना ही भीती कोणी शिकवावी लागली नव्हती. त्या भीतीला जो माणूस बिनकागदाचे घर विकतो तो आपला आहे म्हणून त्याचा गुन्हा लहान होत नाही.

पहिले घर सुटले. अम्मा दोन दिवस कोणाशी नीट बोलल्या नाहीत.

दुसरे घर मुलाने पाहिले होते. उंड्रीकडे बाराव्या मजल्यावर. लिफ्ट दोन, तळमजल्यावर व्यायामशाळा, बागेत घसरगुंडी, कागद स्वच्छ. मुलगा म्हणाला, “अब्बा, एकदा तरी खिडकीतून भिंत नाही, आकाश दिसेल असं घर बघा.” त्याचे म्हणणे आम्हालाही पटले. गर्दीत राहणे हा काही आपल्या समाजाचा वारसा नाही. पण आम्ही त्यांना सांगितले की तिथे एकदा नव्हे, चार वेळा जा. सकाळी साडेसहाला जा, दुपारी मुले शाळेतून सुटतात तेव्हा जा, इशानंतर रात्री जा आणि एकदा मुसळधार पावसात जा.

सकाळी गेले तेव्हा टँकर दिसला. दुपारी दुसरा दिसला. वॉचमनशी गप्पा मारल्यावर कळले की उन्हाळ्यात टँकरची रांग लागते आणि त्याचा खर्च दरमहा देखभालीत येतो. बिल्डरचा माणूस हे सांगणार नव्हता. वॉचमन, किराणा दुकानदार, धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी आणि टँकरचा ड्रायव्हर यांच्याइतकी खरी माहिती कोणी देत नाही. इतरत्रही घर पाहाल तर हेच करा. पाणी रोज येते की दिवसाआड, किती वाजता, किती जोराने, हे दुकानदाराला तोंडपाठ असते.

पावसाचे सांगितले त्याला कारण आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला, तेव्हा अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीकडच्या घरांत काही मिनिटांत पाणी शिरले, माणसे गेली. दिवसा उन्हात तो ओढा म्हणजे एक नाला वाटतो. त्याच वर्षी २९ जूनला कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून पंधरा जण मेले. बिहारहून पोटासाठी आलेली माणसे आणि त्यांची लेकरे. शेजारच्या प्लॉटवर खोल खड्डा खणलेला असेल तर आपली भिंत कशावर उभी आहे ते विचारावे. आणि आपल्या भिंतीखाली कोण राहते तेही पाहावे.

उंड्रीच्या घरात रविवारी सगळे कुटुंब गेले. अम्मांना लिफ्टने वर नेले. गॅलरीत उभ्या राहिल्या, खाली पाहिले, मग लांब पॅसेजमध्ये चालत गेल्या. परत येऊन म्हणाल्या, “बेटा, दरवाजे बहुत हैं, आदमी कहां हैं?”

मुलगा हसला. पण मुलीने विचारले ते जास्त कठीण होते. “सर, माझी शाळा?”

शाळेविषयी मात्र आम्ही थोडे सविस्तर लिहिणार, वाचकांनी सहन करावे. जाहिरातीत ‘शाळा पाच मिनिटांवर’ असे असते. ती शाळा कोणत्या माध्यमाची, कितवीपर्यंतची, मान्यतेची आहे की नाही, हे त्यात नसते. मान्यताप्राप्त शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो, तो मागावा. उर्दू माध्यमाच्या पालकांनी तर आणखी एक गोष्ट पाहावी. प्राथमिक शाळा जवळ असते, चौथी किंवा सातवीपर्यंत. नंतरची माध्यमिक शाळा कुठे आहे? मुलगा दोन बस बदलून जातो. मुलीच्या बाबतीत घरात चर्चा सुरू होते. बस उशिरा येते, परतताना अंधार पडतो, स्टॉपवर टोळकी उभी असतात. तीन-चार महिन्यांत चर्चा संपते आणि मुलगी घरी बसते. तिला कोणी शाळेतून काढले नाही. घरापासून शाळेपर्यंतच्या अंतराने काढले.

म्हणून आम्ही पालकांना सांगतो की घर पसंत करण्याआधी मुलीला सोबत घेऊन शाळेच्या वेळेला तो रस्ता चाला. रिक्षा नको. फुटपाथ आहे का, रस्ता ओलांडायला सिग्नल आहे का, दिवे लागतात का. पीएमपीची बस किती वेळाने येते ते वेळापत्रकावर नव्हे, स्टॉपवर उभे राहून पाहा. कात्रज-कोंढवा रस्त्यावर सकाळच्या वेळी ट्रकांच्या रांगेशेजारून सायकल चालवणारी मुले आम्ही पाहतो आणि त्यांच्या पालकांनी हा रस्ता एकदा तरी स्वतः सायकलने केला आहे का, असा प्रश्न पडतो. ज्यांना शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश हवा आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावे की त्यात घर आणि शाळा यांतील अंतर मोजले जाते, एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी मिळते. घर कोणत्या बाजूच्या गल्लीत आहे यावर मुलाचा प्रवेश ठरू शकतो.

आणखी एक निरीक्षण. सगळी वस्ती एकाच समाजाची असली की मुले सुरक्षित वाढतात, त्यांचे सण, त्यांची जबान, त्यांचा अदब टिकतो. पण दहावीला मराठीच्या पेपराला बसताना हीच मुले अडखळतात, कारण शाळेच्या तासाबाहेर त्यांनी मराठी ऐकलेलीच नसते. पेठेतल्या जुन्या वाड्यात वाढलेली आमची पिढी उर्दू शाळेत शिकली तरी मराठी जिन्यात शिकली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दिवाळीचा फराळ दिलेले ताट रिकामे परत करायचे नाही म्हणून ईदपर्यंत सांभाळून ठेवायचे, आणि शीरखुर्मा घेऊन जायचे. ही सरावाची मराठी कोणत्याही गाइडमध्ये मिळत नाही. तसेच उलटही. ज्यांच्या जिन्यात कधी एकही मुसलमान राहिला नाही ती मुले आपल्याविषयी जे काही शिकतात ते मोबाइलवरून शिकतात.

तिसरे घर म्हणूनच आम्हाला मनापासून आवडले होते. वानवडीकडे साळुंखे विहार रस्त्याच्या आत, जुनी चोवीस बिऱ्हाडांची सोसायटी. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, थोडा लहान, रंग उडालेला. पण पालिकेचे पाणी, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीच्या नावावर झालेले अभिहस्तांतरण. बसने कॅम्प जवळ. कोंढव्यातली मशीद चालत वीस मिनिटांवर. मालक द्यायला तयार. दलालाने मात्र पहिल्याच फोनवर नाव विचारले, मग म्हणाला, “माझं काही नाही हो, मालकांचंही नाही. सोसायटीचा जरा प्रॉब्लेम होतो.”

भाईजान तरीही गेले. चेअरमन वयस्कर गृहस्थ, बसा म्हणाले, पाणी दिले. “आमची वैयक्तिक हरकत काहीच नाही. पण इतर सभासदांना… तुम्ही समजून घ्या.” स्वयंपाकाच्या वासाचा विषय निघाला. चोवीसपैकी किती घरांत मांसाहार होतो हे भाईजानांनी विचारले नाही. आम्ही सोबत असतो तर विचारले असते.

कायदा काय म्हणतो ते वाचकांना माहीत असावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज दिल्यावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सभासदत्व मिळाले असे मानले जाते. नाकारले तर निबंधकांकडे अपील करता येते. आदर्श उपविधींनुसार फ्लॅटच्या हस्तांतरणाला सोसायटीच्या ना हरकत दाखल्याची गरज नाही, आणि हस्तांतरण शुल्क पंचवीस हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला आपल्या उपविधींप्रमाणे सभासदत्व पारशांपुरते ठेवायला मुभा दिली, ही गोष्ट खरी. पण ती उपविधीत आधीपासून लिहिलेल्या अटीबद्दल होती. इथे तशी अट नव्हतीच. इथे फक्त ‘समजून घ्या’ होते.

हे सगळे आम्ही त्या रात्री भवानी पेठेत बसून सांगितले. मुलाचे डोळे चमकले. “मग घ्यायचंच, अब्बा. करार करू, नोंदणी करू, अर्ज टाकू. नाकारून दाखवू देत.”

भाईजान बराच वेळ चहाच्या कपाकडे पाहत राहिले. म्हणाले, “केस जिंकेन रे मी. पण अम्मांना रात्री दम लागला तर बेल कोणाच्या दारावर वाजवू? भांडून शिरलेल्या घरात ईदचा शीरखुर्मा कोण घेईल?”

“म्हणजे ते म्हणतील तिथंच राहायचं का आपण? कायम?”

यावर कोणी बोलले नाही. आम्हीही नाही. वडिलांचे म्हणणे भित्रेपणाचे आहे असे आम्हाला वाटत नाही, आणि मुलाचे म्हणणे उथळ आहे असेही नाही. एकाने आयुष्यभर लोकांमध्ये निभावून नेले आहे, दुसऱ्याला निभावून न्यावे लागते याचीच चीड आहे. आमचा स्वतःचा कल मुलाकडे आहे, हे लपवत नाही. चोवीस घरांत ‘इतर सभासद’ नेमके किती, हे कोणी मोजलेले नसते. एक-दोन मोठ्याने बोलणारे असतात, बाकीचे गप्प. पण पैसा भाईजानांचा आहे, आणि रात्री बेल त्यांना वाजवायची आहे.

तोडगा अम्मांनी सुचवला. म्हणाल्या, पहले रह के देखो. आधी राहून पाहा. अनुभवी माणसाचा सल्ला, आणि आम्ही तो सगळ्याच वाचकांना देऊ. शक्य असेल तर घर घ्यायच्या वस्तीत आधी अकरा महिने भाड्याने राहावे. भाड्याचे पैसे वाया जातात असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. चुकीच्या वस्तीतले घर विकून दुसरे घेताना दुसऱ्यांदा मुद्रांक शुल्क भरावे लागते, पुण्यात ते पुरुषाच्या नावावर किमतीच्या सात टक्के आहे, फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर एक टक्का कमी. तेवढ्या रकमेत अकरा महिन्यांचे भाडे सहज निघते.

त्याच सोसायटीच्या मागच्या गल्लीत एका निवृत्त सैनिकाच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. त्यांनी नाव विचारले, ओळखपत्र पाहिले, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद केली आणि किल्ली दिली. जूनमध्ये सामान गेले. मुलगी आता सकाळच्या बसने कॅम्पात जाते, स्टॉप सात मिनिटांवर. बरोबर त्या सोसायटीतल्या दोन मुली असतात, त्यांच्यापैकी एकीला हिची गणिताची वही लागते. अम्मा जुम्म्याच्या दिवशी मुलाला कोंढव्याच्या मशिदीत पाठवून खिडकीत बसतात आणि तक्रार करतात की अजान ऐकू येत नाही, फक्त वाऱ्याची दिशा बदलली की येते. भाईजान असरनंतर फिरायला जातात. वाटेत सोसायटीचे चेअरमन भेटतात. सलामाला ते नमस्काराने उत्तर देतात, गुडघेदुखीवर बोलणे होते. फ्लॅटचा विषय दोघांपैकी कोणी काढलेला नाही.

भाड्याचा करार एप्रिलअखेर संपतो. फ्लॅट अजून विकला गेलेला नाही. दलाल पंधरवड्याला एकदा फोन करतो.